मैनाबाईची विहीर आणि बिनहवेचे जीव

निवृत्त माणसाकडे दोनच गोष्टी आपोआप वाढतात, रक्तातली साखर आणि किस्से. साखरेवर गोळी निघाली आहे. किस्से साचतच जातात, आणि एक बाहेर काढला की त्याची शेपटी धरून दुसरा येतो. चंद्रपुरात आमच्या चहाच्या टपरीवर जंगल खात्यातले मित्र वाघाचे सांगतात. मी पाण्याचे सांगतो. आधी सगळे हसतात. मग मी मैनाबाईच्या विहिरीचं काढतो, आणि हसणारे हातातला पाण्याचा ग्लास हळूच उजेडाकडे धरून बघतात!

मी क्लार्क होतो, जमिनीखालच्या पाण्याची चौकशी करणाऱ्या एका ऑफिसात. आमचं काम जमिनीखाली चालायचं, त्यामुळे ते कोणाला दिसायचं नाही. काही सहकारीही दिसायचे नाहीत, पण ते वेगळ्या कारणाने. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची.

\*

एका दुपारी मैनाबाई ऑफिसात आली. सावली तालुक्याच्या गावापुढच्या एका खेड्यातली. घरच्यांचं पोट तलावातल्या मासोळीवर आणि थोड्याशा धानावर. तिची विहीर रस्त्यावरचा डिझेलपंप आणि गावचा तलाव यांच्या बरोबर मधे. तिने पाण्याची कॅन टेबलावर ठेवली.

"वास घ्या जी साहेब."

आमचे ठवरे साहेब भूवैज्ञानिक. हुशार माणूस, पण सहीला वाघापेक्षा जास्त भ्यायचे. त्यांनी लांबूनच वास घेतला. "उन्हाळ्यात येतो पाण्याला वास. घाबरण्यासारखं काही नाही."

मैनाबाईने लुगड्याची एक चिंधी कॅनमधल्या पाण्यावर फिरवली, कमरेची काडीपेटी काढली आणि चिंधीला काडी लावली. चिंधी भडकली! काळा धूर छताला गेला. मी खुर्चीवर चढलो. साहेब खिडकीपाशी पोचले होते. तिथून ते ओरडले, "बाई, ऑफिसात काडी ओढायला मनाई आहे!"

"मंग पानी आनाले मनाई नाई ना?" मैनाबाई म्हणाली. चिंधी तिने पायाखाली विझवली. "मी अन् माह्या मालकानं हातानं खंदली हे विहीर. मालक आता नाई. हे डिझेल तलावात उतरलं तं मासोया मरतीन. मंग आमी जगाचं कसं?"

साहेबांनी खिडकीपासूनच पंचनाम्याची तारीख दिली. मी ती खुर्चीवर उभ्याउभ्याच लिहून घेतली.

\*

पंपाचा मालक गावात शेठ म्हणून ओळखला जाई. आम्ही पंचनाम्याला गेलो. शेठ म्हणाला, "आमच्या टाकीला भोक? टाकी जमिनीत पुरलेली आहे. तुम्हाला दिसलं का भोक?"

मैनाबाईने विहिरीचं पाणी पितळी लोट्यात आणलं आणि त्याच्यापुढे धरलं. "भोक नाई ना? घ्या मंग. पेऊन दाखवा."

सगळं गाव गोळा झालेलं. शेठने लोटा हातात घेतला. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग फिरत होते. शेठचा चेहरा मात्र एकाच रंगाचा झाला होता, पांढरा.

"आज एकादशी आहे," तो म्हणाला. "माझा उपास आहे."

"उपासाले पानी चालते, शेठ!"

पंप त्याच आठवड्यात बंद झाला. टाकी उकरली तर तळ पार सडलेला. गावकऱ्यांनी बादल्यांनी विहिरीतलं वर तरंगणारं डिझेल काढून टाकलं. पण मातीत मुरलेलं कोण काढणार? ते हळूहळू तलावाकडे सरकत होतं, आणि गाव रोज सकाळी तलावाच्या काठावर मेलेली मासोळी शोधत फिरत होतं. सापडली नाही की आनंद व्हायचा नाही. वाटायचं, उद्या सापडेल.

\*

मग नागपूरहून मॅडम आल्या. सूक्ष्मजीवांचा अभ्यास करणाऱ्या. त्यांनी पारावर सभा घेतली.

"घाबरू नका," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली, आणि तिथेच लोक घाबरले. सरकारी माणूस घाबरू नका म्हणतो तेव्हा काहीतरी असतंच, हा या भागाचा अनुभव आहे.

मॅडम म्हणाल्या, "जमिनीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आहेत. ते हे डिझेल खातात. वरच्या मातीतली हवा ते लवकर संपवतात. त्याखाली हवा नाही. पण बिनहवेत जगणारे जिवाणूही आहेत. आपण श्वासात हवा घेतो, ते लाल मातीतला गंज घेतात. काम फार हळू चालतं. वर्षं लागतात. पण चालतं."

मी साहेबांच्या कानात म्हणालो, "दिसत नाहीत, अंधारात बसतात, सावकाश खातात. आपल्याच खात्यातले दिसतात." साहेब हसले नाहीत. ते घामेजले होते.

मग मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, डिझेल सरल्यावर ते काय खातीन?"

"काही नाही, आजोबा. उपाशी मरतील."

म्हाताऱ्याने जमिनीवरचे पाय वर पारावर ओढून घेतले. "उपाशी मरनारा," तो म्हणाला, "पयले बाजूच्याले खाते."

दुसऱ्या दिवसापासून त्या गावात कोणी जमिनीवर झोपेना! बाया पोरांना खाटेवरून खाली उतरू देईनात. आणि मैनाबाईच्या अंगणात कोणी पाऊलही टाकेना. आतापर्यंत फक्त विहीर वाळीत पडली होती, आता ती स्वतःही पडली.

\*

आमचा ड्रायव्हर गुलाबभाऊ. देवभोळा, मनाने लोण्यासारखा. रस्त्यात सरडा दिसला तरी गाडी थांबवणार.

मॅडमनी विहिरीच्या तळातलं पाणी बाटल्यांत भरलं. काठोकाठ, वर हवेचा बुडबुडाही नाही, आणि घट्ट बुचं. "या नागपूरला पोचल्या की कळेल आपले जिवाणू काम करताहेत की नाही," त्या म्हणाल्या. "सगळं यावर आहे."

वाटेत मूल गावात चहाला थांबलो. परत येऊन बघतो तर गुलाबभाऊने सगळ्या बाटल्यांची बुचं काढून त्या गाडीच्या टपावर ओळीने मांडलेल्या!

मॅडम किंचाळल्या, "हे काय केलंत?"

"बाई, जीव हायेत ना आत? गाडी किती तापून राह्यली! गुदमरून मरतीन बिचारे. म्हटलं जरा हवा खाऊ द्या."

"अहो, हवाच त्यांचं विष आहे!"

गुलाबभाऊ धावत जाऊन बुचं परत लावायला लागला. सगळे नमुने फुकट. मॅडमचे डोळे भरले होते, पण खरा हादरला गुलाबभाऊ. महिनाभर तो गाडीत उदबत्ती लावत होता. कोणी विचारलं तर हळूच सांगायचा, "काय सांगू जी. लाखो जीव मारले म्या. तेही दयेनं."

\*

दुसऱ्या उन्हाळ्यात गावातून निरोप आला: विहीर सडली. मॅडमना घेऊन गेलो तर सडक्या अंड्याचा वास वेशीपर्यंत. बादली काढली तर दोर काळा, बादली काळी. लोक तोंडाला फडकं बांधून लांब उभे. काही बाया रडत होत्या.

मॅडमनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. "अभिनंदन!"

मैनाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "बाई, घरात मुडदा पडल्यावानी वास येऊन राह्यला अन् तुमी अभिनंदन करता?"

"तेच तर! गंज संपला. आता ते पाण्यात विरघळलेला गंधक श्वासाला घेताहेत. हा वास त्याचाच. म्हणजे ते जिवंत आहेत, डिझेल खाताहेत, आणि तलावाचं पाणी तपासलं तर त्यात त्याचा थेंबही नाही."

परत येताना मात्र मॅडम मला हळूच म्हणाल्या, "यापुढची पायरी जळणाऱ्या वायूची असते. त्या विहिरीजवळ काडी नेऊ देऊ नका."

हे ऐकल्यापासून मी स्वतः बिडी सोडली.

\*

आणि मग वरून हुकूम आला: लोक घाबरलेत, विहीर बुजवून टाका. ठवरे साहेबांनी जागेवर जाऊन फक्त होकार द्यायचा होता. मॅडमनी परोपरीने सांगितलं, विहीर बुजली तर खाली काय चाललंय ते बघायची एकुलती एक खिडकी बंद होईल. उद्या विष तलावाकडे निघालं तर मासोळी मेल्यावरच कळेल. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचे जिवाणू सही करणार आहेत का?"

पोचलो तेव्हा मुरमाचा टिप्पर मागचं तोंड विहिरीकडे करून उभाच होता. आणि मैनाबाई पळसाच्या द्रोणात पणती घेऊन.

आमच्याकडे जिवंत विहीर बिनदिव्याची बुजवत नाहीत. आधी पाण्यावर दिवा सोडायचा, माफी मागायची, मग माती लोटायची. न केलं तर त्या घराचं पाणी तुटतं म्हणतात. रीत सगळ्यांना ठाऊक होती. फक्त या विहिरीच्या पाण्यावरची चिंधी पूर्वी भडकलेली, हेही ठाऊक होतं.

मॅडम धावल्या. "नको, बाई! आत वायू असेल!"

"असन," मैनाबाई म्हणाली. "पेटली तं बुजवा. मी आडवी नाई येनार. नाई पेटली, तं काऊन बुजवता ते मले सांगा."

तिने पणती पेटवली आणि द्रोण दोरीने खाली सोडायला लागली.

गाव मागे सरकलं. टिप्परचा ड्रायव्हर उडी मारून पळाला. गुलाबभाऊ देवाचं नाव घेत टिप्परखाली शिरला, त्याच्यामागे साहेब, आणि साहेबांच्या मागे मी, कारण क्लार्कने साहेबाच्या पुढे जायचं नसतं. मॅडम तेवढ्या काठाशी, मैनाबाईचा दंड धरून.

टिप्परखालून मला मैनाबाईचे हात दिसत होते. दोर सरकत होता. मग मॅडम म्हणाल्या, "ज्योत लांब झाली... निळी होतेय..." मी डोळे मिटले.

काही झालं नाही.

डोळे उघडले तेव्हा मैनाबाईच्या हातातला दोर सैल पडला होता. द्रोण पाण्याला टेकला होता. आम्ही एकेक करून बाहेर आलो आणि काठावरून डोकावलो. खोल खाली, काळ्या पाण्यावर, पिवळी ज्योत शांतपणे जळत होती.

साहेबांनी कपडे झटकले. बराच वेळ झटकले. मग परत आलेल्या टिप्परवाल्याला म्हणाले, "गाडी घेऊन जा. विहीर राहील. सही मी करतो." त्यांच्या नोकरीत हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं!

मैनाबाईने बादली सोडली, पाणी ओढलं आणि तोच पितळी लोटा भरला. रंग नव्हते पाण्यावर. मॅडम म्हणाल्या, "जळत नाही म्हणजे पिण्याजोगं झालं असं नाही हो." मैनाबाईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. लोटा ओठांपर्यंत नेला. सगळं गाव बघत होतं.

ती थांबली. लोट्यात बघितलं. मग एकेकाकडे बघितलं: साहेबांकडे, गुलाबभाऊकडे, माझ्याकडे. आणि लोटा हळूच विहिरीत रिता केला.

"आज मले एकादशी हाये," ती म्हणाली.