तावडेबाईंच्या नावाचं गाऱ्हाणं

परवापर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बाकी सगळं सांगतो – आमच्या घरातला कुठलाही किस्सा माझ्याच तोंडून बाहेर पडतो, तोही मीठमसाला लावून. हा एकच तोंडात धरून ठेवला.

परवा पुतण्याच्या नव्या घराची पूजा होती. गाऱ्हाणं घालायला मलाच पुढे केलं. देवापुढे नारळ धरून एकानं मागायचं, जमलेल्यांनी दरवेळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं – आमच्याकडची रीतच ती. मी नारळ धरला, “बा देवा म्हाराजा” म्हटलं, आणि पुढे अक्षर फुटेना. नारळ सुटला तो थेट भटजींच्या पायावर. भटजी एका पायावर उभे, मी नारळ शोधत खाली वाकलेला.

“काकानु, नारळ देवाक ठेवूचो होतो, भटजीक नाय!” पुतण्या म्हणाला. सगळे हसले. वय झालं, म्हणाले.

वय कसलं? कोपऱ्यात कुणीतरी म्हातारा डोळे मिटून, हात जोडून उभा होता. ओळखीचा नव्हे. पण असाच एक म्हातारा मी पूर्वी पाहिला होता –

थांबा, नीट सांगतो. नांदगावच्या बाजूला एका काजू कारखान्याच्या ऑफिसात मी बरीच वर्षं काढली. तिथला विनोदी माणूस मी. प्रत्येक ऑफिसात एक असतो – काम बेताचं, तोंड भरपूर. दुपारी चहाचा कप नारळासारखा धरून मी गाऱ्हाणं घालायचो. तावडेबाईंच्या नावाचं. त्या बिलांच्या टेबलावर बसायच्या आणि कुठलीही गोष्ट दोनदा विचारायच्या. “सावंतानु, ह्यां कसां म्हणालात?” बस्स, एवढाच गुन्हा. दोनदा का विचारतात, हे आम्ही त्यांना एकदाही विचारलं नाही.

“बा देवा म्हाराजा, आमच्या तावडेबायेक एकदा सांगितलेलां एकदाच समजांदे!”

“व्हय म्हाराजा!”

“नायतर आमका तरी दोन पगार मिळांदे!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांत मोठ्यानं मॅनेजर हसायचे. पाहुणा आला की सांगायचे, आमचं ऑफिस म्हणजे एक कुटुंब. कुटुंब! अशा कुटुंबात तुम्ही तुमची मुलगी द्याल? आणि ते दुसरं – कोकणी माणूस तोंडानं फटकळ, मनानं साफ. हे ज्यानं शोधून काढलं, त्याला एक दिवस चहाच्या वेळी तावडेबाईंच्या खुर्चीत बसवा. मग बोलू द्या.

हळूहळू ऑफिसात कुणी काही विचारेनासंच झालं. एका पावसाळ्यात गोदामाच्या मागच्या भिंतीला ओल आली, पोत्यांतल्या बिया काळ्या पडल्या. ओल कामगारांनी पाहिली होती. मग सांगितलं का नाही? “सांगूक इलो असतंय, तर चायच्या वेळाक माझांच गाऱ्हाणां झालां असतां,” त्यांतला एकजण मला तोंडावर म्हणाला. मी त्यावरही हसलो. हसलो!

हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यात पूजा असायची. आदल्या दिवशी तावडेबाई माझ्या टेबलाशी आल्या. “सावंतानु, उद्या बाबा येतत गावासून, इन्सुलीसून. चेडवाचां ऑफिस बघूचां आसा म्हणतत. उद्याचो एक दिवस माझां गाऱ्हाणां नको.”

हे मात्र त्यांनी दोनदा विचारलं नाही.

“छे, काय बाई! तुमचो बापूस तो आमचो बापूस,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आरती झाली, प्रसाद झाला, आणि मॅनेजर म्हणाले, “सावंत, होऊन जाऊ दे!” सगळे माझ्याकडे वळले. नाही म्हणता आलं नसतं? आलं असतं. घसा बसलाय म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ते वळलेले चेहरे – मला ते हवे होते.

“बा देवा म्हाराजा!” मी नारळ उचलला.

तावडेबाईंच्या शेजारी उभ्या म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली, डोळे मिटले, हात जोडले. गाऱ्हाणं म्हणजे देवाचं – त्याला दुसरं काय ठाऊक? “आमच्या तावडेबायेक –” मी म्हटलं, आणि लेकीचं नाव ऐकून ते हात कपाळापर्यंत गेले.

“एकदा सांगितलेलां एकदाच समजांदे!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांच्या आधी तोच म्हणाला. सगळ्यांत मोठ्यानं.

हशा उसळला तेव्हा त्यानं डोळे उघडले. लेकीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. त्याचे हात तसेच जोडलेले राहिले – आता त्यांचं काय करावं, हे त्याला कळेना.

आणि मी? मी थांबलो नाही. दोन पगारांचंही म्हटलं. पुरं केलं.

तावडेबाईंनी महिन्याभरात नोकरी सोडली. मॅनेजरांनी कारण विचारलं, तर मी म्हणालो, घर लांब पडतं हो त्यांना. त्या जवळूनच चालत यायच्या. मॅनेजरांना ते माहीत होतं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. केवढी आमची सोय!

परवा घरी आल्यावर बायकोनं विचारलं, “गाऱ्हाण्यात खंय अडाकलात?” तेव्हा सगळं सांगितलं, म्हाताऱ्यासकट. ती पूजेला नेसलेली साडी घडी करत होती.

“त्या दिवशी घराक येऊन ह्यां गाऱ्हाणां तुम्ही माका करून दाखवलेलात,” ती म्हणाली. “बापाशीचां तेवढां गाळलात.”

घातलेली घडी तिनं मोडली, पुन्हा घातली.

“आणि मी भाकरी थापता थापता म्हटलेलंय – व्हय म्हाराजा.”