गाजरांपायी अडलेला आशीर्वाद

सेवेरो आरियागा बेकर्सफील्डच्या गाजर कारखान्यात बावीस वर्षं माझ्या शेजारी सरकत्या पट्ट्यापाशी उभा होता. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि अशा माणसाला सख्ख्या आईने नऊ वर्षं आशीर्वाद दिला नाही, का, तर गाजरांमुळे!

चूक त्याचीच. सीमेपलीकडे मिचोआकानला गावी निघालेल्या एकाबरोबर त्याने आईला बेबी गाजरांचं पाकीट पाठवलं. हौस, दुसरं काय. आईने, म्हणजे कासिमिराबाईंनी, पाकीट फोडलं आणि लगेच फोन लावला.

"एवढीशी पोरं उपटता तुम्ही जमिनीतून?"

"अगं आई, मोठीच गाजरं असतात ती. कापून लहान करतो."

"आणि अंगावर हे पांढरं काय?"

"वरून सुकली की येतं तसं."

"मला शिकवू नकोस. ओठावरचं दूध आहे ते!"

बाईचा जन्म शेतात गेलेला. कोवळं पीक उपटणं तिच्या लेखी पाप. आमच्याकडे आया फोन ठेवण्याआधी लेकराला आशीर्वाद देतात, त्याच्या कपाळावर काढायचा क्रूस हवेतच काढतात. त्या दिवशी तिने नुसता फोन आपटला. वर पाकिटातली सव्वीस गाजरं, उरलेली वाढ पुरी व्हावी म्हणून, परसात लावली. सोललेली गाजरं! महिनाभर पाणी घातलं. कुजली, तेव्हा पाद्रीबाबांना बोलावून गाजरांसाठी प्रार्थना म्हणवून घेतली. पाद्रीबाबाही धन्य, त्यांनी म्हटली.

इकडे सेवेरो खंगत चालला. दर रविवारी फोन करायचा, शेवटी जरा थांबायचा, आणि पलीकडून खट्ट. माझं डोकंच फिरायचं. एकदा म्हणालो, "चाळिशी उलटली तुझी. माझी आई तर केव्हाच गेली, माझं काही अडलं का?"

तो म्हणाला, "सकाळी घरातून निघताना कपाळ उघडं वाटतं रे."

मी पट्ट्यावरचं एक किडकं गाजर उचलून बाजूला टाकलं.

शेवटी म्हातारीला व्हिसा मिळाला, आणि घरच्यांना कारखाना दाखवायचा दिवस आला. डोक्याला जाळीची टोपी घालून ती तोंड फुगवूनच आत शिरली. समोरून वीत वीत लांबीची गाजरं वाहत आली. पात्यांखाली त्यांचे बोटाएवढे तुकडे झाले, पिंपांत घासून घासून गोल झाले. म्हातारीने पट्ट्यावरचं एक अख्खं गाजर उचललं.

"हे चांगलं धडधाकट गाजर."

"हो, आई."

"त्याचे तुकडे करायचे आणि घासून पोर म्हणून विकायचं?"

"हो."

"लोक घेतात?"

"आवडीनं."

"सुऱ्या नाहीत का रे यांच्या घरी?"

सेवेरो खाली बघत म्हणाला, "आहेत."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाक खाली. असल्या येड्यांत राहतोस तू, आणि मी तुला इतकी वर्षं तसाच सोडला होता!"

तिने त्याची टोपी मागे सारली आणि कपाळावर क्रूस काढला. एक नाही, नऊ. मुकादम टोपीवरून ओरडत होता, पट्ट्यावर गाजरं तुंबली होती, आणि सेवेरो सगळ्यांसमोर रडत होता.

मग ती माझ्याकडे वळली. "तूपण इथंच काम करतोस ना?"

मी टोपी काढली आणि वाकलो.