जाळं धुवा, म्हणालो

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? कारण — काही कारण नाही. सांगतोय.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. कायदा शिकलो, जहाज कंपन्यांची बाजू लढवणाऱ्या ऑफिसात लागलो. त्याचा मला माज होता. होता कशाला, आहे.

आई उत्तनच्या पास्कूमामा कोळ्याकडून मासळी आणून गोडदेवला विकायची. एकदा भाईंदरला माझ्या साहेबांसमोरच मामा ओरडला, "आरं, आमच्या मावरंवालीचा पोर ना तू? टाय लावून हिंडतोस का रं!" साहेब हसले. बस, एवढंच.

पुढे कुठल्याशा जहाजानं उत्तनसमोर काळं तेल सोडलं. मामाचा फोन आला — "बाला, जालं समदं डांबरान भरलंय. तू शिकलेला हायेस, काय करू?"

काय करायचं ते मला पाठ होतं. जहाजांनी समुद्रात तेल सोडायचं नाही, असा देशोदेशींचा करार आहे. पण कुठल्या जहाजानं सोडलं हे सिद्ध करावं लागतं. जाळ्यावरचा काळा गोळा स्वच्छ बरणीत तसाच ठेवला, तर प्रयोगशाळा ते जहाज हुडकून काढते. ते आमच्याच अशिलाचं निघेल हे मला — नाही, तेव्हा ठाऊक नव्हतं. अशिलासाठी केलं, ही पळवाटसुद्धा मला नाही.

मी म्हणालो, "डिझेलनं धुऊन टाका, मामा. लगेच."

डांबर लागलं की उत्तनला जाळं डिझेलनंच धुतात. त्याला संशय कशाला येईल?

"देव तुजा भला करो," म्हणाला.

संशय आमच्या अशिलाच्या जहाजावर आला. भरपाईच्या बैठकीत मी मामासमोर बसलो होतो, जहाजाच्या बाजूनं. पुरावा मागितला. जाळ्याला नुसता डिझेलचा वास. मामा माझ्याकडं बघत राहिला. "तूच तं बोल्लास ना, धू म्हणून?"

"मी?" सगळ्यांकडं नजर फिरवली मी. "मामा, आज सकाळीच टाकली काय?"

टेबलाभोवती हशा पिकला. मामाचा दावा तिथंच संपला. नवं जाळं झालं नाही. आता तो दुसऱ्याच्या बोटीवर बर्फ वाहतो.

तसं बोलायला मला कुणी सांगितलं होतं? पुरावा मीच धुवायला लावला होता. गप्प बसलो असतो, तरी जिंकलो असतो. तरी बोललो. आणि बोलताना — मला बरं वाटत होतं.