शांतवनकाकांचं गोल चित्र

शांतवनकाका कुठल्याही लग्नात शिरले की आधी मांडवाच्या मधोमध उभे राहून स्वतःभोवती सावकाश एक गिरकी घेत. मग हुकूम सुटत. "ती बादली उचला. तो झाडू दिसू राह्यला, आत ठिवा. आन् ह्या आजोबांना जरा पल्याड बसवा, लई जांभया देऊ राह्यले." एकदा त्यांनी नवरीच्या सख्ख्या मामालाच अडगळ समजून बाजूला केलं. मामा भडकले, तर काका म्हणाले, "मामा, तुमी लग्नात हायेच की. फोटूत कशाला गर्दी?"

श्रीरामपुरात त्यांचा स्टुडिओ होता. साठीला आलेले, दर रविवारी इस्त्रीचा कोट घालून चर्चला जाणारे, आणि आपल्यासारखा फोटोग्राफर जिल्ह्यात नाही हे स्वतःच सांगणारे. "देवानं माणूस घडवला, पन घाईत. बाकीचं आपल्याला करावं लागतं," असं ते म्हणत. देवी आलेला चेहरा त्यांच्या ब्रशाखालून गुळगुळीत होऊन निघे.

माझा तेव्हा कॉम्प्युटर क्लास होता. नव्वदीचं दशक संपत आलेलं, इंटरनेट नुकतं आलेलं. जवळच्या एका पशुखाद्याच्या कारखान्याचं काम मला मिळालं. नव्या माणसांना कामावर जाण्याआधी पडद्यावरच कारखाना फिरवून दाखवायचा. फोनच्या तारेवरून तेच पुण्याच्या ऑफिसातही दिसलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक जागेच्या मधोमध स्टँड लावायचा, कॅमेरा थोडा थोडा फिरवत काकांनी सगळीकडचे फोटो घ्यायचे आणि ते मी कॉम्प्युटरवर जोडायचे. बघणाऱ्याला तिथंच उभं राहून मान वळवल्यासारखं वाटे. चित्रातल्या बाणावर टिचकी मारली की पुढच्या जागी जाता येई. काकांना हे ऐकून हर्ष झाला. "म्हंजे माझी गिरकीच की रे विज्या! चाळीस वर्सं मी फुकट घेत हुतो."

वरच्या मजल्यावर घोडं अडलं. तिथं जमिनीला एक चौकोनी भोक होतं. खालून पेंडीच्या गोण्या कप्पीनं त्यातून वर ओढत. भोकाभोवती खांबांना साखळी. जवळची वस्तू दोन फोटोंच्या जोडावर नीट जुळत नाही. त्यामुळे साखळी प्रत्येक वेळी तुटून लोंबल्यासारखी दिसे. तीनदा फोटो काढले, तीनदा तेच. साहेबांना दाखवायचा दिवस जवळ आलेला. शेवटी मी म्हणालो, "काका, साखळी सोडून ठेवू. भोकावर पत्रा टाकू आणि त्यावरच स्टँड लावू."

हे मी म्हणालो. इतकी वर्षं मी 'आमचं ठरलं' असं सांगत आलो.

चित्र सुरेख आलं. सपाट, स्वच्छ जमीन. "आता हितं लगीन लागलं तरी चालंल," काका म्हणाले. जिन्यापासून पलीकडच्या यंत्रापर्यंतचा बाण मी त्या जमिनीवरून सरळ काढला. फोटो झाल्यावर पत्रा उचलला, साखळी पुन्हा लावली. चित्र मात्र तसंच राहिलं.

गोदामातून वर बदली झालेला नामदेव ते चित्र फार मन लावून शिकला. चाळिशीचा माणूस, पण माउसवर हात बसेपर्यंत उठला नाही. "साहेब, आता डोळे झाकून जाईन यंत्रापर्यंत," असं तो मला हसत म्हणाला होता. पुढच्याच आठवड्यात, गोण्या ओढण्यासाठी साखळी सोडलेली असताना, लाइट गेली. कुणीतरी यंत्राचं झाकण लावायला ओरडलं. नामदेव अंधारात माझ्या बाणावरून चालत गेला आणि खाली पडला. जगला, पण कमरेखालचं अंग गेलं.

काका दवाखान्यात जाऊन आले आणि तसेच माझ्याकडे आले. कोट चुरगळलेला. "त्याची बायकू मला इचारती, 'काका, चित्रात तर सपाट हुतं ना? मंग ह्यांचं काय चुकलं?' काय सांगू रं मी तिला?" मग म्हणाले, "सोमवारी नवी मानसं येनार हायेत. त्याच्या आत ते चित्र काढ."

काढायला मला दोन मिनिटं लागली असती. पण मॅनेजरांनी बजावलं होतं, "चौकशी चालू आहे. चित्राला हात लावला तर चूक आपली होती असं होईल. आणि 'आपली' म्हणजे कुणाची, ते समजून घ्या." मी समजून घेतलं. काकांना म्हणालो, "थोडं थांबा."

काका थांबले नाहीत. गेटवर उभे राहिले. त्या चित्राची मोठी प्रत काढून तिच्यावर भोकाच्या जागी त्यांनी काळा चौकोन रंगवला होता. एसटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला ते अडवत. "बाबा, हितं भोक हाय. पडद्यावर दिसनार न्हाई, पन हाय." पोरं टवाळी करत, "काय काका, आज कुणाचं लगीन?" वॉचमन त्यांना रस्त्यापलीकडे ढकलत. उन्हात आणि पेंडीच्या धुरळ्यात त्यांचा खोकला वाढला. मी स्कूटरवरून जाताना ते नुसते बघत. हाक मारत नसत. ती मारली असती तर बरं झालं असतं.

महिनाभरात छाती इतकी बिघडली की मनमाडची मुलगी न्यायला आली. स्टेशनवर गाडी लागली तरी काका चढेनात. "मी गेल्यावर गेटवर कोन उभं ऱ्हाईल?" मुलगी रडकुंडीला आलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

काकांनी माझा दंड धरला. "विज्या, खरं सांग. काढलंस का?"

"काढलं काका. कालच."

दंडावरची पकड सुटली. "मंग जातो," म्हणाले. लहान मुलासारखे मुलीचा हात धरून चढले.

चित्र तिथंच होतं. त्या मोसमात आलेली सगळी माणसं माझ्या बाणावरून चालायला शिकली आणि गेटवर त्यांना अडवायला कुणी नव्हतं. मॅनेजरांच्या भीतीपोटी मी काकांना गप्प केलं, असं आजवर मनाला सांगत आलो. तेही खरं नाही. रोज त्यांच्या नजरेसमोरून जावं लागू नये, एवढंच मला हवं होतं. पुढे कारखान्यानं कॉम्प्युटर बदलले, तेव्हा ते चित्र आपोआप गेलं. दुसरं कुणी पडलं नाही, यात माझं काही नाही. नामदेवच्या घरी मी आजतागायत गेलेलो नाही.

पावसाळ्याआधी मनमाडहून फोन आला. काका गेले. मुलगी म्हणाली, "शेवटी शेवटी अगदी शांत होते हो. येईल त्याला सांगायचे, विज्यानं चित्र काढून टाकलं, माझी काळजी मिटली. तुमचे उपकार आहेत."

मी म्हणालो, "उपकार कसले."