आमच्या घरचा शनिवार

आमच्या शाळेला पाटी नव्हती. जळगावात, बाजारापासून थोडं आत, एका घराच्या खालच्या दोन खोल्या आणि मागचं अंगण एवढीच शाळा. पहिली ते चौथी. ज्या बाईंनी ती काढली त्या वरच्या मजल्यावर राहायच्या, म्हणून सगळे तिला 'बाईंची शाळा' म्हणत. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. बाई आधी मोठ्या शाळेत नोकरीला होत्या. तिथं मुलं दिवसभर ओरडून पाठ म्हणतात आणि त्यांच्या हातांना काही काम नसतं, म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली होती.

त्यांच्या शाळेत हातांना काम होतं. बेरीज-वजाबाकी आम्ही सरकीवर शिकलो. आधी कापसातून सरकी वेगळी काढायची, मग मोजायची. क्षेत्रफळ शिकलो ते अंगण सारवून. बाई खडूनं चौकोन आखून द्यायच्या, ज्याचा चौकोन त्यानं सारवायचा, आणि कुणाला शेण जास्त लागलं यावर भांडण झालं की तिथून गणित सुरू. मला ते सगळं आवडायचं. अजूनही एखाद्या खोलीत शिरले की ही सारवायला किती वेळ लागेल, हे आधी डोक्यात येतं.

शनिवारी सकाळी 'हाताचा तास' असायचा. त्याचा नियम असा की दर शनिवारी एका मुलाच्या घरचं मोठं माणूस येणार, आपल्या घरी चालणारं काम दाखवणार, आणि त्या घरचं मूल त्या दिवशी पुढे बसून बाकीच्यांना शिकवणार. शिंप्याच्या मुलीनं आम्हाला काज करायला शिकवलं. किराणा दुकानवाल्याच्या मुलानं कागदाची पुडी बांधून दोरा दातानं तोडायला शिकवलं, त्यावर बाई म्हणाल्या, "दात सोडून बाकी सगळं शिका." सोनाराच्या मुलीनं फुंकणी आणली होती. फुंकून फुंकून आमचे गाल दुखले.

मला मात्र रंधा हवा होता. सुतार आले त्या शनिवारी त्यांच्या मुलानं रंधा मारला आणि लाकडाच्या पातळ वळ्या निघून जमिनीवर पडल्या. त्यांना ओला, गोडसर वास होता. आम्हाला घासायला पॉलिश पेपर मिळाला. मी हात पुढे केला तर तो मुलगा म्हणाला, "हे आमचं शे. तुले जमाव नहीं." बाईही म्हणाल्या, "धार असते बाळ. ज्याच्या घरचं अवजार, त्यालाच त्याची सवय." ते मला पटलं. नियमच तसा होता. मी माझ्या शनिवारची वाट पाहत राहिले.

माझे बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. ती एकेक उचलून ओळ करायची, ओळींचं पान करायचं. छापताना बिघडलेले कागद ते घरी आणायचे. त्यात लग्नाच्या पत्रिका असत, पण जास्त करून असत पत्रकं. सभांची, मोर्चांची, जयंतीची, संपाची. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. 'बंधू आणि भगिनींनो' हे मला 'कमळ'च्या आधी वाचता यायचं. माझ्या गणिताच्या पुस्तकाला जे कव्हर होतं त्यावर कुठल्याशा सभेची वेळ आणि ठिकाण होतं. आमच्याकडची बरीचशी पत्रकं एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगायची. माणसाचं काम त्याच्या जन्मावरून ठरवू नका. आम्ही बौद्ध. ती गोष्ट आमच्या घरात कुणाला समजावून सांगावी लागत नव्हती. मी ती पाठ म्हणायचे, आणि पाठ म्हटलेल्या गोष्टीचं होतं तसंच तिचं झालं होतं. तिचा कशाशी संबंध आहे हे मला कळत नव्हतं.

एका गुरुवारी बाईंनी मला जवळ बोलावलं.

"तुझे आबा गावाहून आलेत ना?"

"हो."

"त्यांना चामड्याचं काम येत असेल. या शनिवारी घेऊन ये त्यांना. तुमच्या घरचा शनिवार."

मी धावत घरी गेले. आबा, म्हणजे बाबांचे वडील, धरणगावजवळच्या खेड्यातून औषधासाठी आले होते आणि ओट्यावर बसले होते. मी त्यांना धापा टाकत सांगितलं. ते हसायलाच लागले.

"चामडानं काम? माले काय माहीत पोरी? मी ते जिनमा गाठी बांधी बांधी म्हतारा हुई गऊ."

जिनमध्ये, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, त्यांचं आयुष्य गेलं होतं. मी म्हटलं, चालेल, मग गाठी दाखवा. माझं काही अडलं नव्हतं. मला शनिवार हवा होता.

बाबा मोरीत रॉकेलनं हाताची शाई काढत होते. ते तसेच बाहेर आले.

"बाईंना माहीत आहे ना मी काय करतो?"

"हो. मी सांगितलंय, प्रेसमध्ये."

"शिंप्याच्या पोरीकडून कोण आलं होतं? तिचा आजोबा?"

"नाही. तिचे बाबा."

"सुताराकडून?"

"त्याचे बाबा."

"मग आपल्याकडून आबांना का बोलावलं? आणि चामडं कुठून आलं?"

आबा म्हणाले, "जाऊ दे ना भो. बाई चांगली शे." बाबा म्हणाले, "चांगली आहे म्हणूनच जास्त लागतं." मग हात पुसता पुसता आईला म्हणाले, "सोमवारपासून पोरगी नगरपालिकेच्या शाळेत जाईल."

आई भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही. "तुमचं भांडण तुम्ही भांडा," ती म्हणाली. "तिचं मन रमलंय तिथं. तिला कशाला काढता मधल्यामध्ये?"

"उद्या जाऊन बोलतो. ऐकलं तर ठीक, नाही तर काढायची."

त्या रात्री मला शनिवारचं काही वाटलं नाही. शाळाच जाणार, एवढंच डोक्यात राहिलं. सरकी, अंगण, रंधा, सगळंच. बाबा बोललेलं करतात हे मला माहीत होतं.

शुक्रवारी बाबा कामावर जाण्याआधी शाळेत आले. बाई अंगणात खडू घेऊन चौकोन आखत होत्या. मी दाराशी उभी राहिले, मला कुणी जा म्हटलं नाही.

"बाई, माझे वडील जिनमध्ये होते. चामड्याला त्यांनी कधी हात लावलेला नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाई उठल्या. "कुणी नाही सांगितलं. मला वाटलं... भाऊ, कमी लेखायला नाही हं बोलावलं. उलट जे काम लोक हलकं समजतात ते मुलांसमोर मानानं यावं, असं माझ्या मनात होतं."

"मानानं आणायचं तर आधी विचारायचं, हे काम तुमचं आहे का म्हणून. तुम्ही आमची वस्ती पाहिली आणि काम ठरवलं."

बाईंनी बोटांना लागलेली खडूची पूड पदराला पुसली.

"तुमच्या सासऱ्यांचं काय काम होतं?" बाबांनी विचारलं.

"भिक्षुकी."

"मग या शनिवारी तुम्ही ती दाखवा. पूजा सांगा, मुलं शिकतील."

"मी नाही दाखवणार," बाई लगेच म्हणाल्या. "मला ती कधीच पटली नाही. लग्नानंतर त्यावरून घरात कमी भांडणं नाही झाली."

"बघा. तुम्ही नाही म्हणू शकता. माझ्या म्हाताऱ्याला तुम्ही निवडायची संधीच दिली नाहीत."

बाईंनी खडू खिडकीत ठेवला. त्यांचा चेहरा पडला होता, पण त्या माघार घेणाऱ्यातल्या नव्हत्या. "मग मुलांनी घरचं काम दाखवायचंच नाही का? सुताराच्या मुलाला रंधा येतो तो घरामुळेच ना? त्याला वर्गात त्याचा अभिमान वाटला तर वाईट काय?"

"त्याला येतो तो घरी येतोच. त्याच्यासाठी शाळा कशाला? शाळा बाकीच्यांसाठी. रंधा शिंप्याच्या पोरीला द्या. आमच्या पोरीला द्या. ती किती दिवस घरी रंधा रंधा करतेय."

मला वाटलं होतं ते बाबांना ऐकूच गेलेलं नाही.

बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मला नाही कधी म्हणालीस."

"हात पुढे केला होता," मी म्हणाले. "तुम्ही म्हणालात, ज्याच्या घरचं अवजार."

बाईंनी खिडकीतला खडू उचलून परत ठेवला. मग बाबांना म्हणाल्या, "उद्या तुम्ही या. तुमचं काम घेऊन. आणि या नियमाचं मला बघू द्या."

"बघा," बाबा म्हणाले. "मीही बघतो." त्यावर सोमवार टळला की नाही, हे मला कळलं नाही.

शनिवारी बाबा एका पिशवीत झिजलेले, वितळवायला काढलेले खिळे घेऊन आले. छापखान्याच्या मालकांनी ते दिले होते आणि कुणी तोंडात घालू नका, नंतर साबणानं हात धुवा, असं बजावून सांगितलं होतं. खिळे त्यांनी परातीत ओतले. मुलं तुटून पडली. अक्षर उलटं का आहे, असं सगळ्यांनी एकदमच विचारलं. बाबांनी एका खिळ्याला शाई लावून तो कागदावर दाबला, आणि अक्षर सुलटं उमटलं. मग कुणी विचारलं नाही.

मी पुढे बसले होते, नियमाप्रमाणे. बाबांनी मला उठवलं. "तू तिकडे बस, सगळ्यांमध्ये. तुला माझ्यापेक्षा जास्त येत नाही."

मला राग आला. इतके दिवस वाट पाहिलेली जागा माझ्याच बापानं काढून घेतली. आता कळतं की घरच्या मुलाला पुढे न बसवण्याची सुरुवात ते माझ्यापासूनच करत होते. तेव्हा कळलं नव्हतं, आणि मी त्या दिवशी त्यांच्याशी घरी जाईपर्यंत बोलले नाही.

त्यांनी सांगितलं, ज्याला जे काम शिकायचंय त्याचा एक शब्द जुळवा. मग खूप गोंधळ. परातीत वेलांट्या कमी होत्या, काही अक्षरं नव्हतीच. बऱ्याच जणांचं अर्धवट राहिलं. एका मुलानं नुसता 'क' लावला आणि याचं पुढे काहीही होऊ शकतं म्हणाला. सोनाराच्या मुलीला 'रंधा' हवा होता, मलाही 'रंधा' हवा होता आणि टिंब असलेला 'र' एकच होता. तिचा शब्द आधी छापला, मग त्यातले खिळे काढून माझा. सुताराच्या मुलानं जुळवलं 'दुकान'. दुकानवाल्याच्या मुलानं त्याला विचारलं, "का रे?"

"गूळ मिळतो," तो म्हणाला.

बाईसुद्धा खाली बसून जुळवत होत्या. त्यांचा कागद आम्ही ओढून घेतला. 'शिवण' छापलं होतं. "मला बटणही नीट लावता येत नाही," त्या म्हणाल्या. शिंप्याच्या मुलीला हे इतकं आवडलं की ती दिवसभर बाईंना बाईच म्हणेना, मी शिकवीन तुम्हाला, मी शिकवीन, एवढंच म्हणत राहिली.

तास संपताना बाई उभ्या राहिल्या. पुढच्या शनिवारपासून घरचं मूल पुढे बसणार नाही, म्हणाल्या. घरचं मोठं माणूस शिकवील, आणि ज्यांना ते काम येत नाही ती मुलं आधी अवजार धरतील. नियम एवढ्याच वाक्यांत बदलला. चूक झाली असं त्यांनी वर्गासमोर म्हटलं नाही. त्यांनी म्हणायला हवं होतं असं मला आज वाटतं. पण नियम त्यांनी बदलला, आणि माफी मागून तोच नियम चालू ठेवणारी माणसं मी नंतर पुष्कळ पाहिली.

पुढच्या शनिवारी सुतार पुन्हा आले. रंधा माझ्या हातात आला, तेव्हा त्यांचा मुलगा कुरकुरला, "हाई आमना रंधा शे." सुतार म्हणाले, "चूप बस. तुले दुकान मांडनं शे ना? जाय, पुड्या बांध." तो खरंच गेला आणि कोपऱ्यात रिकाम्या पुड्या बांधत बसला.

रंधा मला वाटला होता तसा नव्हता. तो लाकडात अडकायचा, उडी मारायचा, एका बाजूला खोल जायचा. वळ्या निघाल्याच नाहीत, तुकडे निघाले. सोनाराच्या मुलीला माझ्यापेक्षा चांगला जमला. तिचे वडील नंतर शाळेत येऊन बाईंशी बोलून गेले, की आमच्या मुलीला सुताराचं काम कशाला, उद्या हिला काय काय करायला लावाल. 'काय काय' म्हणताना ते कुणाकडे पाहत होते हे मी पाहिलं. बाईंनी नियम बदलला नाही. ती मुलगी त्या वर्षाअखेरीला दुसऱ्या शाळेत गेली. म्हणजे कुणी ना कुणी शाळेतून जाणार होतंच. ती मी नव्हते.

त्याआधी, बाबांच्या तासानंतरच्या सोमवारी, बाबांनीच मला शाळेत सोडलं होतं. बाईंची शाळा की दुसरी, हे ते वाटेत बोललेच नाहीत. बाईंच्या दाराशी आलो तेव्हा म्हणाले, "जा. आणि त्यांचं पुन्हा काही चुकलं तर तू स्वतः सांग. दर वेळी मी येणार नाही."

मी चौथीपर्यंत तिथंच होते. सांगायची वेळ दोनदा आली. एकदा मी सांगितलं, एकदा घाबरले आणि शिंप्याच्या मुलीनं सांगितलं.

सुतार पुन्हा आले त्या शनिवारी मी रंधा मारलेली फळी बाबांनी घरी आणली. ती एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. आईनं तिच्यावर माठ ठेवून पाहिला, माठ कलला. आबा म्हणाले, "खाले एक चिपाट लाव." बाबांनी तिच्या पातळ बाजूखाली पत्रकांची घडी घातली आणि माठ सरळ उभा राहिला. घडी दमट झाली की बदलावी लागायची. ते काम माझ्याकडे होतं, आणि जुनी घडी काढताना तिच्यावर काय छापलंय ते मी आधी वाचून घ्यायचे.