जलालभाऊंचे बिनवायरचे हेडफोन

नोव्हेंबरातली सकाळ होती, साल दोन हजार सहा. गुणवंतराव पहिल्या पाळीला निघून गेले होते आणि कमळा ओल्या फडक्याने खिडकीच्या कडा पुसत होती. घुग्घुसमध्ये हे काम दात घासण्यासारखंच रोजचं. रात्रभर कोळशाचे ट्रक जातात, सकाळी फडकं काळं होतं. गॅसवर चहा चढला होता, बाजूला भिजवलेले पोहे निथळत होते. तेवढ्यात दारावर काठी वाजली. ठक ठक. मग थांबली.

"या भाऊ, दार उघडंच आहे," कमळा आतून म्हणाली.

शेजारच्या जलालुद्दीनभाऊंची थाप तिला अकरा वर्षांपासून ओळखीची. काठीच्या टोकाने दोनदा वाजवायचं आणि मग कान दाराशी नेऊन थांबायचं, ही त्यांची रीत. "या" ऐकू आलं की तिसऱ्यांदा काठी उचलत नसत. आज मात्र ठक ठक पुन्हा झालं. परत झालं. कमळा फडकं ठेवून दारापर्यंत गेली, तर भाऊ डोकं तिरपं करून, डावा कान दाराच्या फळीला लावून उभे.

"मी आवाज दिला होता भाऊ."

"देल्ला असन," ते म्हणाले आणि चपला काढून आत आले.

खुर्चीत बसल्यावर त्यांनी चहाला नाही म्हटलं नाही, पण कप हातातच राहिला. "बाई, एक सांगा. मदीहा रोज तुमच्या घरी काऊन येते?"

"अभ्यासाला येते. बारावीचं वर्ष आहे तिचं."

"थे मालूम हाय मले. मले वाटे, तुमच्या हातचा चिवडा आवडते तिले. काल जाहिद आला होता कोरपन्याहून. तो म्हणते, पोरीले चांद्याले तिच्या मामाच्या घरी ठेवतो. इथी टीव्हीच्या आवाजापायी तिले पुस्तकातलं अक्षर दिसत नाई." भाऊंनी कमळाकडे पाहिलं. "खरं हाय का?"

जाहिद हा त्यांचा मुलगा, कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यात कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणारा. मदीहा त्याची मुलगी. आई गेल्यावर आजी-आजोबांनी वाढवलेली. कमळाला खोटं बोलवेना.

"आवाज मोठा असतो भाऊ. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीतून बातम्या येतात. आमच्या यांनी तर पेपर बंद करायचं ठरवलं आहे."

भाऊ नुसत्या खांद्यांनी हसले. मग खिशातून घडी घातलेलं एक कात्रण काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. जाहिरात होती. एक माणूस आरामखुर्चीत बसलेला, दोन्ही कानांवर हेडफोन, आणि त्याला वायरच नाही.

"हे घेतो. वायरवाला नाई पाहिजे. रहमतबी वॉकर घेऊन खोलीभर फिरते, पाय अडकन तिचा. डब्यावर सारं इंग्रजी रायते, तुम्ही चाला संगं. जाहिद येत्या रविवारी येऊन पोरीले नेतो म्हणते. त्याच्या आधी घर चूप झालं पाहिजे."

जलालभाऊ आयुष्यभर कानावर जगले, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. खाणीत ते ड्रेसर होते. म्हणजे सुरुंग उडाल्यावर सगळ्यांच्या आधी आत जायचं, लांब लोखंडी पहारीने डोक्यावरचं छत ठोकायचं आणि ऐकायचं. टण्ण वाजलं तर छत भरीव. बोदा, ढब असा आवाज आला तर वर दगड सुटलेला आहे, बाजूला उभं राहून तो पाडायचा. त्यांनी मान हलवल्याशिवाय गँगमधला एकही माणूस पुढे पाऊल टाकत नसे. एकतीस वर्षं हे केलं. ड्रिल आणि सुरुंगांनी त्या कानांतला आवाज थोडा थोडा करून खाऊन टाकला. निवृत्तीच्या वेळी दवाखान्यातून कानाचं यंत्र मिळालं होतं. ते कुकरची शिट्टी, ट्रकचा हॉर्न आणि बायकोचं बोलणं सारख्याच जोराने कानात ओतत असे, म्हणून ते डबीत आणि डबी कपाटात. ठोकायची सवय तेवढी उरली. बाजारात ते टरबूज ठोकत, माठ ठोकत, जाहिदच्या लग्नात मांडववाल्याचे बांबूसुद्धा त्यांनी ठोकून बघितले होते.

निघण्याआधी कमळाने एक शहाणपणाचं काम केलं. त्यांच्या घरी जाऊन टीव्हीची मागची बाजू बघितली. भाऊंच्या बायकोने, रहमतबीने, टॉर्च धरला. धूळ पुसल्यावर दोन भोकं दिसली, एक पांढरं, एक लाल. कमळाने ती कागदावर काढून घेतली.

"टीव्हीच्या पाठीचा फोटो काढून राह्यली का बाई?" रहमतबी म्हणाली. "माह्या गुडघ्याचाबी काढा. डॉक्टरले दाखवाले होईन."

चंद्रपुरात, म्हणजे भाऊंच्या चांद्यात, दुकानदाराने चार नग समोर मांडले. पहिला एका कानात अडकवायचा, मोबाइलवाल्यांचा. तो लगेच बाजूला झाला, कारण भाऊंचा टीव्ही त्याला ओळखणारच नव्हता. दुसरा डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडावर चालणारा. टीव्हीजवळच्या डबीतून उजेड निघतो आणि हेडफोन तो पकडतो. भाऊंनी तो लावला, ऐकू आलं, चेहरा खुलला. कमळा सहज मधून चालत गेली आणि भाऊ म्हणाले, "गेला." ती बाजूला झाली. "आला."

"घरात रहमतबी दिवसभर वॉकर घेऊन मधून जाणार," कमळा म्हणाली. "हा नको."

उरलेले दोन्ही रेडिओसारखे चालणारे. टीव्हीजवळ छोटं स्टँड, त्याला बोटभर एरियल, त्यावरच हेडफोन ठेवला की आतले सेल चार्ज होतात. मधे माणूस आला काय, भिंत आली काय, आवाज येतोच. त्यातला एक हलका, कानावर नुसता स्पंज टेकणारा. दुसरा जाड, गुबगुबीत, सगळा कान झाकणारा. कमळाने दोन्ही डबे पूर्ण वाचले. सेल किती तास पुरतात ते पाहिलं, आवाजाचं बटण कानावरच आहे ना ते पाहिलं, मागच्या वायरीची टोकं आपल्या कागदाशी ताडून पाहिली. जाडा हेडफोन सगळ्यात पुढे होता. बाहेरचा आवाज आत येत नाही, आतला बाहेर जात नाही, असं डब्यावर ठळक लिहिलं होतं. मदीहासाठी याहून चांगलं काय?

भाऊंनी तो हातात घेतला आणि नखाने ठोकला. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, एकदा वरच्या पट्टीवर. दुकानदार बघत राहिला.

"काका, नारळ नाही तो."

"भरीव हाय," भाऊ कमळाला म्हणाले. "द्या बांधून."

त्या दिवसापासून भिंतीपलीकडचा टीव्ही खरंच गप्प झाला. कमळाला स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. मदीहा दोन दिवस वही घेऊन आली नाही. कमळाने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तिसऱ्या दिवशी मदीहा आली, पण पुस्तक उघडून नुसतीच बसली.

"आता काय झालं? घर तर शांत आहे."

"काकू, दादा ते लावतच नाहीत." मदीहा पेनचं टोपण लावत काढत म्हणाली. आजोबांना ती दादा म्हणे. "एक मिनिट लावतात, मागे वळून बघतात, काढून ठेवतात. मग आवाज पूर्ण बंद करून टीव्ही बघतात. दिवसभर. मी विचारलं तर म्हणतात, चित्र चांगलं दिसते. मी जाते मामूकडे. मी गेले की ते आवाज तरी लावतील."

कमळा वाटीत चिवडा घेऊन पलीकडे गेली. भाऊ पलंगावर, समोर टीव्हीत सिंह हरणामागे धावत होता, आणि खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. हेडफोन स्टँडवर, वर प्लॅस्टिकची पिशवी घातलेला, हिरवा दिवा लागलेला.

"भाऊ, मी चुकीचा निवडला का?"

"माल चांगला हाय," ते टीव्हीकडेच बघत म्हणाले. "सिंहबी चांगला हाय. पन आपल्या वाघावानी नाई. लय लोकायच्या समोर खाते."

कमळा समोरच्या वेताच्या मोड्यावर बसली. तिला घाई नव्हती. घाई केली की माणसं झाकण लावून घेतात, हे तिला संसाराने शिकवलं होतं. सिंहाने हरीण पकडलं, ओढत नेलं, जाहिरात लागली. तेव्हा भाऊ बोलले.

"मुखरू होता आमच्या गँगमध्ये. सिंदेवाहीकडचा. थंडीचे दिवस, खाली उतराच्या आधी त्यानं मफलर बांधली, कानावरून. मी छत ठोकली. बोदा आवाज आला. मी वरडलो, हट. बाकी सारे हटले. त्याले आयकू नाई आलं." त्यांनी गुडघ्यावर तळहात ठेवला. "पाय गेला त्याचा. जीव वाचला. आता भावाच्या धानाची राखण करते, पोळ्याले चिठ्ठी येते त्याची. पन त्या दिवसापासून आमच्या गँगमध्ये कोणी कान झाकला नाई, कितीबी थंडी असो. मीबी नाई. माही टोपी पाहा तुम्ही, कानाच्या वरतेच रायते. हे तुमचं लावलं का मले वाटते, मागून कोणी आवाज देऊन राह्यला अन् मले आयकू नाई येऊन राह्यलं."

"तसंही येत नाही भाऊ."

"नाई येत," ते शांतपणे म्हणाले. "पन वाट तर पाह्यता येते."

चूक कुठे झाली ते कमळाला आता नीट कळलं. तिने डबे वाचले, भाऊंनी प्लॅस्टिक ठोकलं, आणि ज्या कानांवर ते बसायचं त्यांना दोघांनी काहीच विचारलं नाही.

शनिवारी दोघं पुन्हा त्याच दुकानात. डब्याचं सील फुटलेलं बघून दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या, पण स्पंजवाला बदलून द्यायला तयार झाला. "मावशी, मी सांगून ठेवतो. यात बाहेरचं सगळं ऐकू येईल. लोक तक्रार करतात."

"तक्रारवालाच पाहिजे," कमळा म्हणाली.

या वेळी भाऊंनी नखाने काही ठोकलं नाही. हेडफोन लावला, दुकानातल्या टीव्हीवर बातम्या चालू केल्या, आणि कमळाला पाठीमागे उभं राहायला सांगितलं. तिने काउंटरवर त्यांचीच काठी वाजवली, त्यांच्याच रीतीने. ठक ठक. भाऊ वळले नाहीत. तिने थोडं जोरात वाजवलं. भाऊ वळले.

"अर्धं आलं."

"अर्धं म्हणजे?" दुकानदाराने विचारलं.

"आधीबी अर्धंच येते. द्या."

दुपारी घरी आले तेव्हा मदीहाची बॅग दाराजवळ भरून ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी जाहिद येणार होता. कमळाने कागद बघत पांढरी तार पांढऱ्यात, लाल लालमध्ये लावली. टीव्हीचा आवाज शून्यावर आणला. भाऊंनी टोपी काढली, हेडफोन डोक्यावर बसवला, कानाजवळचं बटण फिरवलं. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. निवेदक काय सांगतो ते त्यांना शब्दाशब्दाने कळत होतं. ओठ त्याच्याबरोबर हलत होते. खोलीत मात्र पंखाच वाजत होता. मदीहा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

रहमतबीने वॉकर बाहेरच्या दाराकडे नेला आणि फळीवर थाप मारली. भाऊ बातम्याच ऐकत राहिले. तिने पुन्हा मारली, हाताला लागेल अशी. काही नाही.

"बाई, याच्यात आमच्या माणसाले दिल्ली आयकू येते, दार नाई," रहमतबी म्हणाली.

तिचे हलणारे ओठ भाऊंना दिसले. ती दाराशी उभी आहे हेही दिसलं. काय झालं ते त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर घेतला. कमळाला वाटलं, आता हाही स्टँडवर जाणार आणि वर पिशवी.

भाऊंनी स्पंजवरून अंगठा फिरवला. "ड्रिल चालू रायते ना," ते म्हणाले, "तवा ड्रिलवाल्यालेबी काई आयकू येत नाई. झाकले नसले तरी कान भरले रायते त्याचे. म्हणून त्याच्या बाजूले एक माणूस उभा रायते. तो फक्त आयकते. काई झालं का याच्या खांद्याले हात लावते. बोलाचं काई काम नाई."

रहमतबी वॉकर टेकवून पलंगाच्या कडेला बसली.

भाऊंनी मदीहाला जवळ बोलावलं. ती आली, आणि तिने दाराजवळच्या बॅगेकडे बघायचं टाळलं.

"तू जाऊ नको, असं मी नाई म्हणत," ते म्हणाले. "तुह्या अभ्यासाचं तुले समजते. पन इथी राह्यली, तर माह्या बाजूले बसून वाच. अन् दार वाजलं का माह्या खांद्याले हात लाव. येवढंच."