सातातले दोन जास्तीचे

घंटा वाजली तेव्हा मी आरुमुगमच्या नावापुढे चौथ्यांदा ‘आयडल’ लिहीत होते.

आयडल म्हणजे रिकामा. आमच्या कामात ही शिवी नाही, नोंद आहे. मी वर्क स्टडी इंजिनियर. कोण काय करतं, किती वेळ करतं, हे स्टॉपवॉच लावून मोजायचं आणि तेच काम किती माणसांत होईल ते सांगायचं. लग्नानंतर पुण्याहून चेन्नईला आले आणि एका कन्सल्टन्सीत लागले. काही वर्षं शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांतल्या असेंब्ली लाइन मोजल्या. दोन हजार साल उलटून गेलं होतं. सरकारची ओढाताण चालली होती, नवी भरती बंद होती, आणि आम्हाला काम मिळालं ते शहरातल्या फायर स्टेशनांचं. एका गाडीवर सात माणसं असतात. पाच पुरतील का?

माझे बॉस श्रीनिवासन यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “वैशाली, उत्तर पाच आहे. तू फक्त प्रश्न व्यवस्थित लिही.”

जॉर्ज टाउन या जुन्या बाजारपेठेजवळच्या स्टेशनवर तीन आठवडे बसल्यावर माझंही उत्तर पाचच आलं होतं. जास्तीचे दोन कोण, हेसुद्धा ठरलं होतं. एक आरुमुगम, पन्नाशी ओलांडलेला, गुडघ्याने अधू. दुसरा मणी. रोजच्या ड्रिलमध्ये हे दोघे नुसते उभे असायचे. स्टेशन ऑफिसर रामचंद्र राव तंजावरचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूत राहिलेलं त्यांचं मराठी जुन्या वळणाचं होतं आणि हेल तमिळ. माझा तक्ता पाहून ते एवढंच म्हणाले होते, “लिहा की. पण एक वेळ आमच्यासंगे या, मग लिहा.”

आता ते दारातून ओरडले, “अम्मा, उठा! गाडींत बसा!”

सकाळचे अकरा वाजले होते. लग्नपत्रिकांच्या एका गोदामाला आग लागली होती. मोठ्या रस्त्यावर गाडी थांबली आणि मला पहिला धक्का बसला. पुढे गाडी जाणारच नव्हती. गल्ली जेमतेम हातगाडीच्या रुंदीची. माझ्या तक्त्यात गाडी आगीसमोर उभी होती, कारण ड्रिलच्या मैदानात ती तशीच उभी असते.

माणसं पाइप खांद्यावर घेऊन पळाली. गोदामापर्यंत दोन वळणं होती. रिकामा पाइप कापडासारखा मऊ असतो. पाणी सोडलं की तो लाकडासारखा ताठ होतो, वळणावर दुमडतो आणि पाणी तुटतं. म्हणून प्रत्येक वळणावर एक माणूस लागतो. पहिल्या वळणावर मणी होता. त्याने पाइप छातीशी कवटाळला होता आणि पाय समोरच्या भिंतीला रोवले होते. दुसऱ्या वळणावर आणखी एक जण. ड्रायव्हर पंपावर. श्वासाच्या टाक्या पाठीवर बांधून दोघे पाइपचं तोंड धरून आत शिरले. राव मधोमध, सूचना देत. आणि दारात आरुमुगम.

सात. मी पुन्हा मोजलं. यातून दोन काढायचे होते.

धुरात आत गेलेल्याला स्वतःचा हात दिसत नाही. त्याच्या कमरेला दोरी असते आणि दोरीचं दुसरं टोक दारातल्या माणसाच्या हातात. आरुमुगमच्या पायाशी एक पाटी होती. तिच्यावर खडूने दोघांची नावं आणि आत गेल्याची वेळ. शेजारी तिसरी टाकी तयार. तो काहीच करत नव्हता. दोरी बोटांत धरून, डोळे मिटून उभा होता. सवयीने मी स्टॉपवॉच दाबलं.

नवव्या मिनिटाला त्याने डोळे उघडले.

“सार! कयिरु पेसलै!”

दोरी बोलत नाही.

रावांनी लगेच दोरी हातात घेतली, आरुमुगमने टाकी पाठीवर चढवली, आणि तो अधू गुडघ्यावर बसून रांगत धुरात शिरला. मला आतून आवाज आला नव्हता, हाक आली नव्हती. मी त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि मला काहीही कळलं नव्हतं.

गल्लीत ओरडा झाला, आत माणसं अडकली. मणीने तो ऐकला. त्याने मान वळवली, पण तो जागचा हलला नाही. नंतर कळलं, माळ्यावरचे पत्रिकांचे गठ्ठे कोसळून एक जण दबला होता आणि दुसरा त्याला ओढत होता. पाइपचं तोंड त्यांच्या शेजारी जमिनीवर पडलं होतं. त्याचं पाणी चालू होतं म्हणून आग त्यांच्यापर्यंत आली नाही.

चार मिनिटं दहा सेकंद. एवढा वेळ आरुमुगम आत होता. आधी आरुमुगमची पाठ दिसली. तो उलटा सरकत एकाला काखेत धरून ओढत होता. मागून दुसरा रांगत आला. एकाचा पाय मोडला होता. दोघे जिवंत होते.

दुपारी आग विझल्यावर आरुमुगम फुटपाथवर बसून पाणी पीत होता. माझ्या मोडक्या तमिळमध्ये मी विचारलं, कसं कळलं?

“आत माणूस हलतो तशी दोरी थरथरते, मॅडम. थरथर थांबली.” मग त्याने विचारलं, “माझं नाव तुमच्या यादीत आहे ना?”

मला खोटं बोलता आलं नाही. “आहे.”

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “गुडघा खरंच दुखतो.”

मी तक्ता फाडला नाही. तो चुकीच्या जागी मोजलेला होता, एवढंच. पुढचे दहा दिवस मी टेप घेऊन जुन्या बाजारातल्या गल्ल्या मोजल्या. गाडी कुठे थांबते, तिथून किती वळणं, किती माणसं. ‘आयडल’चा रकाना काढून ‘धरून उभा’ असा रकाना केला. श्रीनिवासन यांनी रिपोर्ट वाचला.

“क्लायंटला हे नको आहे.”

“सर, मग सही तुम्ही करा. माझी पाचवर होणार नाही.”

त्यांनी माझे आकडे पुन्हा एकदा चाळले. मग त्यांनी रिपोर्ट तसाच पाठवला.

मीटिंगमध्ये अर्थखात्याच्या साहेबांनी विचारलं, “असे प्रसंग वर्षातून किती येतात?”

“थोडे,” मी म्हणाले. “त्याच दिवसांसाठी हे लोक आहेत.”

जुन्या बाजारातल्या स्टेशनांवर सात माणसं राहिली. बाकीच्या शहरात पाच झाली. कोणाला काढलं नाही, निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या नाहीत, इतकंच. शहराच्या दक्षिणेला वेलचेरीच्या बाजूला तेव्हा एकामागून एक इमारती उठत होत्या. तिथली वळणं कोणी मोजली नाहीत, कारण मला तिथे पाठवलंच नाही. त्या खात्याचं काम आम्हाला पुन्हा मिळालं नाही.

आता कुठल्याही कंपनीत माणसं कमी करायला बोलावलं, की मी आधी विचारते, तुमचा सगळ्यात वाईट दिवस कोणता होता? बहुतेकांना तो चांगला आठवत असतो. मी त्या दिवसापासून मोजायला लागते. काम थोडं लांबतं आणि क्लायंट वैतागतात.